गल्लीतले सवंगडी परदेशी कामाला: खोली, उसनवारी आणि गावची कामे

राकसकोपकर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली पोरं परदेशी कामाला सहसा एकेकटी जात नाहीत. एक पुढं जातो, वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्याला बोलावतो, त्याच्यामागं तिसरा. एका बाकावर शिकलेले, गणपतीच्या मंडपात रात्रभर जागलेले चौघे-पाचजण बघता बघता दुबई, दम्माम, श्टुटगार्ट असे पांगतात आणि एकजण उद्यमबागेत लेथवर, घराजवळ राहतो. सगळे पंचविशीतले. नोकरी, खोली, कर्ज, लग्न, आईवडिलांची दुखणी हे सगळं याच पाच-सात वर्षांत अंगावर येतं आणि त्यातलं बरंचसं मित्रांच्याच हातून पार पडतं.

या वयात मैत्री विस्कटते ती बहुतेक वेळा पैशाच्या आणि कागदाच्या गुंत्यात. खोलीचं डिपॉझिट कुणाचं होतं, एजंटाला पैसे कुणाच्या शब्दावर दिले, शेत कुणाच्या नावावर घेतलं, दवाखान्याच्या धावपळीत बुडालेला रोज कुणी भरून द्यायचा, हे आधी कुणी बोललेलं नसतं. माझं मत असं की यातली प्रत्येक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून लिहून ठेवता येते. जाणकारांनी आपापल्या भागाचं लिहावं. कागद कुठला, आकडा किती, चूक कुठं होते, एवढं आलं तर जाणाऱ्या पोरांच्या उपयोगी पडेल.

चोर्लाघाट

सुरुवात बोलावण्यापासून करतो. "आमच्या गल्लीतला आहे तिकडं, त्यानं व्हिसा काढलाय" एवढ्यावर पोरं पैसे भरतात. मित्रानं कंपनी कशी आहे, पगार वेळेवर होतो का, राहायची सोय कशी, हे जरूर सांगावं. पैसे मात्र त्याच्या हातातून जाऊ नयेत. काम फसलं की एजंट गायब होतो आणि गावात तोंड दाखवायची पाळी मित्रावर येते.

दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणाऱ्या, वर्गातला असतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली अशा माणसाला ठरावीक १८ देशांत कामाला जायचं तर ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी लागते. यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया हे सगळे त्यात आले. दहावी पास असेल तर मंजुरीची गरज नाही, पण एजंट परवानाधारक हवा ही अट दोघांनाही. परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर टाकून तो चालू आहे का आणि पत्ता तोच आहे का ते बघायचं. परवानाधारकाची नोंदलेली शाखा असेल तर ठीक, नुसता "सब-एजंट" कायद्यात बसत नाही.

एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. लाख-दीड लाख रोख मागितले आणि पावती नाही म्हटलं की तिथंच उठायचं.

व्हिजिट व्हिसावर जाऊन काम शोधण्याची पद्धत वाढली आहे. शोधायला हरकत नाही, पण त्या व्हिसावर एक दिवसही काम करणं बेकायदा आहे. मुदत संपल्यावर यूएईत रोजचा ५० दिरहम दंड चढतो. ईसीआरवाला असा गेला की मंजुरी नाही, विमाही नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचं अपघाती संरक्षण आहे आणि हप्ता दोन वर्षांना २७५, तीन वर्षांना ३७५ रुपये. एवढ्या पैशात मिळणारी गोष्ट केवळ वाट चुकल्यामुळं हातची जाते.

यूएईच्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर हिंदीतूनही मिळतं. मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहिलेले असतात, ते नीट वाचा. नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात: वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा, पुढं ३० दिवसांचा. एकूण पगार ३,००० आणि मूळ फक्त ९०० असेल तर हातात काय पडेल ते आधीच कळतं.

मलप्रभा_काठ

कागदांचं मी लिहिते, कारण आपल्या सीमाभागाची त्यात खास अडचण आहे.

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं नाव सरकारदरबारी बेळगावी आहे. जुन्या दाखल्यावर एक स्पेलिंग, नव्यावर दुसरं. गावाच्या नावावरून फारसं अडत नाही, माणसाच्या नावावरून अडतं. शाळेच्या दाखल्यावर मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जातं, कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. परशराम एका कागदावर परशुराम होतो, यल्लाप्पाचा एक आकार गळतो. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रकावरचं स्पेलिंग पाया धरा आणि आधार, पॅन, बँक त्याप्रमाणं करून घ्या. उलट क्रमानं गेलात तर प्रत्येक कागद दोनदा बदलावा लागतो. चार मित्रांनी हे काम एकत्र केलं तर एकाची चूक दुसरा पकडतो.

पदवीचं साक्षांकन ज्या राज्यातलं विद्यापीठ त्या राज्यातून सुरू होतं. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. त्याआधीच्या आपल्याकडच्या कला-वाणिज्य-विज्ञान पदव्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या, त्यामुळं पडताळणी धारवाडहून. इंजिनिअरिंग व्हीटीयूचं असेल तर बेळगावातच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर बेंगळुरूला खेटे घालून उपयोग नाही, ते काम महाराष्ट्रातून. पुढं ओमान, बहारीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदीला अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का, चालतं. यूएई, कतार, कुवेतला परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट पोर्टलवरून काढायचा, फी ५०० रुपये, बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाता येतं. आणि मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हाती देताना दिनांकासह पोच घ्या, तो शाळेपासूनचा मित्र असला तरी.

हिंडलगा_नाका

दुबईतल्या खोलीचा हिशोब सांगतो.

भाडेकरार एकाच्या नावे असतो. इजारी म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंद त्याची, चेक त्याचे, देवाचं म्हणजे वीज-पाण्याचं खातं त्याचं. फ्लॅटला देवाचं डिपॉझिट २,००० दिरहम, घरमालकाचं रिकाम्या घराला सहसा वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के. बाकीचे तिघे कागदावर नसतील तर सगळा धोका एकाच्या डोक्यावर राहतो. सहरहिवाशांची नावं दुबई रेस्ट ॲपवर चढवणं २०२२ पासून सक्तीचं आहे. ती चढवा.

भांडण कुठं होतं ते उदाहरणानं दाखवतो. समजा वर्षाचं भाडं ६०,००० दिरहम. वीजबिलातच नगरपालिकेचं गृहशुल्क येतं, भाड्याच्या ५ टक्के, म्हणजे वर्षाला ३,००० आणि महिन्याला २५०. महिनाभर गावी गेलेला म्हणतो, "मी वीज वापरलीच नाही, बिल का भरू?" त्याच्या वाटणीची वीज माफ करावी, पण त्या बिलातले २५० हे भाड्याचाच भाग आहेत, ते चौघांत समान. म्हणून वहीत दोन रकाने करा. ठरावीक खर्चात भाडं, गृहशुल्क, इंटरनेट: गावी असा किंवा नसा, खाटेमागं सारखं. वापराच्या खर्चात वीज, पाणी, गॅस, किराणा: हजर दिवसांवर. चौघांच्या जेवणाला महिन्याला साधारण २० किलो तांदूळ, १० किलो पीठ, ४ किलो डाळी आणि ५ लिटर तेल धरून चाला. मग नाश्ता बाहेर करणारा आणि डबा नेणारा यांच्यात फरक किती ठेवायचा ते ठरवा.

सोडून जाणाऱ्यानं दोन महिने आधी सांगायचं किंवा बदली माणूस आणायचा. त्याच्या डिपॉझिटचा हिस्सा येणाऱ्यानं द्यायचा, करारवाल्यानं खिशातून नाही. चौघांनी सही केलेला एक कागद, त्याचा फोटो प्रत्येकाकडं. एवढं पुरतं.

कंग्राळी_बुद्रुक

डब्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खसखस यूएईत बंदी असलेल्या पदार्थांत आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. आपल्याकडच्या घरगुती मसाल्यात, लाडवात ती सहज असते. मित्राच्या आईनं प्रेमानं दिलेली पिशवी विमानतळावर आपल्या नावावर असते. घरी सांगा, परदेशी पाठवायच्या मसाल्यात खसखस घालू नका. दुसऱ्याचं सामान उघडून, स्वतःच्या हातानं पुन्हा भरून मगच न्या. कोडीन आणि ट्रामाडॉल असलेली औषधंही तशीच, डॉक्टरची चिठ्ठी आणि आगाऊ परवानगीशिवाय नेऊ नका. मावशींना वाईट वाटेल म्हणून गप्प राहणाऱ्यानं हे एकदा समजावून सांगावं, त्या ऐकतात की.

उद्यमबाग_फिटर

दुबईचं समजलं. जर्मनीला सीएनसीवाले, मेकॅट्रॉनिक्सवाले जायला लागलेत. तिथं मित्राच्या खोलीत दोन-तीन महिने राहून नोकरी सुरू करता येते का?

चिकोडी_ते_श्टुटगार्ट

पाहुणा म्हणून आठवडा-दोन आठवडे ठीक. त्यापुढं अडतं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी घर देणाऱ्याची लेखी पुष्टी लागते. नोंद नाही तर कर क्रमांक पोचत नाही, बँक खात्याला अडचण, व्हिसा कार्यालयाचं पत्र दुसरीकडंच जातं. मित्र भाडेकरू असेल तर घरमालकाच्या परवानगीशिवाय त्यानं पोटभाडेकरू ठेवणं हा करारभंग, आणि त्याचीच खोली जाऊ शकते. मित्रानं आधी घरमालकाला लेखी विचारावं, होकार आला तर पुष्टीचा कागद घ्यावा. नकार आला तर राग धरू नये.

पगाराचंही सांगतो. जर्मनीतला आकडा युरोत मोठा दिसतो, त्यातून कर, आरोग्य विमा, पेन्शन कापून जातं. आखातात कर नाही पण पेन्शनही नाही. दोघा मित्रांनी एकमेकांचे ढोबळ पगार ताडून बघू नयेत, त्यातून गैरसमज वाढतात.

कोर्टगल्ली

उसनवारीवर.

२०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज भारतात रोखीनं घेऊ नये, आयकर कायद्याला ते चालत नाही. बँकेतूनच द्या आणि तपशिलात "हातउसने" असं लिहा. कारण दुसरा नियम असा: आयकराच्या दृष्टीनं मित्र हा नातेवाईक नाही. एका आर्थिक वर्षात नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेल्या भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या की सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. आईवडील, भाऊ-बहीण, पती-पत्नी यांना ही मर्यादा नाही. म्हणून घरचे पैसे मित्राच्या खात्यावर पाठवून "घरी दे" म्हणू नये. थेट आईच्या खात्यावर टाका. हुंडीनं तर अजिबात नाही, दर दोन पैसे जास्त मिळाला तरी तो फेमाचा म्हणजे परकीय चलन कायद्याचा भंग आहे आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही.

वचनचिठ्ठी साधी असते: रक्कम आकड्यांत व अक्षरांत, तारीख, मागणी केल्यावर परत करीन असा मजकूर, एक रुपयाच्या रेव्हेन्यू तिकिटावर सही. वसुलीची मुदत तीन वर्षे. मुदत संपण्याआधी घेणाऱ्यानं "एवढी बाकी आहे" असं सहीनिशी लिहून दिलं किंवा थोडी रक्कम सहीच्या नोंदीनं परत केली तर तिथून नवीन तीन वर्षे सुरू होतात. परदेशात असताना ही तारीख हमखास निसटते. फोनमध्ये अडीच वर्षांवर आठवण लावा.

जामीन राहणं हे उसने देण्यापेक्षा धोक्याचं. उसने दिलेली रक्कम आपल्याला माहीत असते, जामिनाची व्याजासकट वाढत जाते. यूएईत २ जानेवारी २०२२ पासून चेक न वटल्याची बहुतेक प्रकरणं फौजदारीतून निघाली, पण चेक थेट अंमलबजावणीला नेता येतो आणि प्रवासबंदी लागू शकते. मित्राच्या कर्जासाठी आपला चेक दिला आणि घरी लग्न असताना विमानतळावरून परत फिरावं लागलं, असं होऊ शकतं.

सांबरा_रोड

सगळं बरोबर असेल. पण एका ताटात जेवलेल्या मित्राकडून तिकिटावर सही घ्यायची? असा कागद पुढं केला की माणूस दुखावतो. आपल्या गावांत आजवर शब्दावर चाललंय.

कोर्टगल्ली

सांबरा_रोड, तुमचं म्हणणं हलक्यात घेत नाही. गावात शब्द चालत होता त्याला कारण होतं: दोघे रोज समोरासमोर येत, वडीलधाऱ्यांना व्यवहार माहीत असे, सुगी झाली की परतफेड होई. परदेशी गेलेल्या दोघांमध्ये यातलं काहीच उरत नाही. एकाचं बरंवाईट झालं तर त्याच्या पत्नीला व्यवहार माहीतच नसतो. कागद आहे तो तिच्यासाठी. दुखावू नये म्हणून एक रीत सांगतो: घेणाऱ्यानं स्वतःहून लिहून द्यावं. आणि १०,००० पर्यंतच्या रकमेला कागद नको, ती गेली तर गेली असं समजूनच द्या.

राकसकोपकर

शेताबद्दल कुणीतरी स्पष्ट लिहा. बाहेर असलेले चौघे पैसे काढतात आणि मागं राहिलेल्याच्या नावावर दोन एकर घेतात, हे सर्रास चाललंय.

कोर्टगल्ली

ते करू नका. ठळक अक्षरात वाचा.

परदेशी नोकरीला गेलेला माणूस फेमाखाली अनिवासी ठरतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बागायत, फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशानं येऊ शकते, आधीची ठेवता येते, विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच. कर्नाटकानं २०२० च्या दुरुस्तीनं बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची मुभा दिली म्हणून लोकांची गल्लत होते. ती राज्याच्या कायद्यातली अट उठली, फेमाची तशीच आहे.

मग पैसे माझे, नाव मित्राचं. याला बेनामी म्हणतात. १९८८ च्या कायद्यात २०१६ ला झालेल्या दुरुस्तीनं यात मालमत्ता जप्त होते, एक ते सात वर्षांची कैद आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. शिवाय "जमीन खरी माझी" असा दावाही कोर्टात लावता येत नाही. मित्र कितीही प्रामाणिक असो, त्याच्यामागं त्याची मुलं वारस लागतात आणि उताऱ्यावर नाव त्यांचं चढतं. एकत्र काही घ्यायचंच असेल तर बिनशेती प्लॉट किंवा फ्लॅट घ्या, सगळ्यांची नावं खरेदीपत्रात, प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत, प्रत्येकाचे पैसे आपापल्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) बँक खात्यातून.

आता मुखत्यारपत्र. मित्राच्या नावे करायचं तर विशेष मुखत्यारपत्रच करा: काम एक, मिळकत एक, मुदत लिहिलेली. परदेशात ते भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात सही करून साक्षांकित होतं. मूळ प्रत कर्नाटकात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. हे विसरल्यामुळं सबरजिस्ट्रारच्या टेबलावरून कागद परत येतात. कुरियरचं पाकीट जपून ठेवा, पोचल्याची तारीख त्यावरून दाखवता येते. विक्रीचा अधिकार आईवडील, पती-पत्नी, भाऊ-बहीण, मुलं सोडून बाहेरच्याला दिला तर मुद्रांक शुल्क मिळकतीच्या बाजारभावाच्या टक्केवारीनं लागतं. मित्र हा त्यात बाहेरचा. म्हणून विक्रीचं मुखत्यार भावाला, धावपळीचं मित्राला, अशी वाटणी करा. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा असेल तर आधी ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, लागतो, त्याला मोजणीची तारीख मिळायला वेळ जातो. महिन्याच्या सुट्टीत बसेल असं धरू नका, येण्याआधी अर्ज गेलेला असू दे.

बेन्नाळी_फाटा

मागं राहिलेल्या मित्राबद्दल लिहितो. सगळ्यात जास्त ओढाताण त्याची होते आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं.

शॉपमध्ये एक दिवस खाडा पडला की रोज जातो, कुठं कुठं हजेरीचा बोनसही जातो. तहसीलदार कचेरीत एका फेरीत काम होत नाही. चौघांची मिळून महिन्याला दोन कामं निघाली तरी त्याचे तीन-चार दिवस जातात. बाहेरच्यांना वाटतं, तो काय गावातच आहे. तो मागत नाही, मागणारही नाही. म्हणून बाहेरच्यांनी ठरवून द्यायचं.

ठरवायचं असं. कामं तीन प्रकारांत वाटा. दवाखाना म्हणजे तातडीचं, खाडा पडला तरी जायचं. घरफाळा, फौती, बँकेचं नूतनीकरण ही मुदतीची, त्यांची यादी तारखेसकट तीन महिन्यांची एकदम द्यायची म्हणजे तो एका रजेत तीन कामं उरकतो. बाकी सगळी सवडीची, त्यांना "कधी करतोस" असं विचारायचं नाही. खर्च म्हणजे पेट्रोल, झेरॉक्स, मुद्रांक आणि खाड्याचा पूर्ण रोज. हा हिशोब त्याच आठवड्यात चुकता करायचा, पावत्यांचा फोटो जपून, म्हणजे ती झालेल्या खर्चाची परतफेड आहे हे दाखवता येतं.

दवाखान्यासाठी प्रत्येकानं आईवडिलांच्या खात्यात वेगळी रक्कम ठेवावी. मित्राकडं एक फाइल: आधारच्या प्रती, विमा कार्ड, चालू औषधांची यादी, कुठल्या औषधाचं वावडं, आधीचे रिपोर्ट, रक्तगट. शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही नातेवाइकाची मागतात, म्हणून रात्री अर्ध्या तासात पोचू शकेल अशा चुलत्याचा किंवा मामाचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर.

उताऱ्याचं: आरटीसी भूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येते, खरेदी-गहाणाची ई.सी. (बोजा दाखला) कावेरी या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर. दर तीन महिन्यांनी बघा. सामाईक जमिनीत फेरफार निघाला की नोटीस गावच्या पत्त्यावर येते, हरकतीची मुदत परदेशात बसून निघून जाते. सगळं कन्नडमध्ये असतं. ग्रुपवर फोटो टाकून भागत नाही. कन्नड वाचणाऱ्यानं सर्व्हे नंबर, कुणाचं नाव, शेवटची तारीख या तीन गोष्टी मराठीत लिहून टाकाव्यात.

मलप्रभा_काठ

यात बायकांचा भाग राहिला. लग्नं झाली की दोस्तांच्या ग्रुपवरचे निर्णय घरात बसलेल्या वहिनींना उशिरा कळतात, आणि मग राग मित्रावर निघतो. पैशाची, जमिनीची, दवाखान्याची प्रत्येक गोष्ट ज्याची त्याच्या पत्नीला माहीत असावी. गप्पांचा ग्रुप वेगळा, कामाचा वेगळा, आणि कामाच्या ग्रुपात बायका असाव्यात.

आणखी एक. खोलीतली बातमी गावात जाऊ नये. कुणाची नोकरी गेली, कुणी पिऊ लागला, कुणाचा पगार थकला, हे त्याच्या आईला दुसऱ्याच्या आईकडून कळणं फार वाईट. अपवाद जिवाच्या धोक्याचा. माणूस जेवत नाही, झोपत नाही, मरणाचं बोलतो, तर गुप्तता मोडायची आणि दोघांनी मिळून त्याला दवाखान्यात न्यायचं. इकडं घरच्यांना ताण असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

चोर्लाघाट

बोलण्याची वेळ ठरवताना घड्याळ बघा. यूएई आणि ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागं. सौदी, कतार, कुवेत, बहारीन अडीच तास. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. सौदी-कुवेतची सुट्टी शुक्रवार-शनिवार, यूएईत बहुतेकांची रविवार धरून. सगळ्यांना जुळेल अशी वेळ शनिवारी आपल्या रात्री नऊची, जर्मनीत तेव्हा संध्याकाळ. पंधरवड्यातून एकदा, अर्धा तास, आणि त्यात पैशाचा विषय नाही.

नोकरी गेल्याचंही आधी ठरवा. यूएईत व्हिसा रद्द झाल्यावर बहुतेक कामगारांना ६० दिवस मिळतात, काही वर्गांना जास्त. तेवढे दोन महिने त्याच्या खाटेचं भाडं बाकीच्यांनी वाटून घ्यायचं, नोकरी लागल्यावर सहा हप्त्यांत परत. तिसऱ्या महिन्यात परत जाण्याचं तिकीट, हेही लिहून. या काळात त्याला आपलं सिम, बँक कार्ड, यूएई पास (तिथली डिजिटल ओळख) वापरू देऊ नका. "माझ्या खात्यात पैसे येतील, तू पुढं पाठव" असं मित्राचा मित्र म्हणाला तर साफ नकार. चोरीचे पैसे असेच फिरवतात आणि गुन्हा खातेदारावर नोंदतो. पगार बुडाला किंवा कंपनीनं पासपोर्ट ठेवून घेतला तर (ठेवणं यूएईत बेकायदा आहे) दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८००४६३४२ हा नंबर चोवीस तास चालू असतो. इतर देशांतून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवा.

हिंडलगा_नाका

कटू विषय, पण लिहायला हवा. मित्राचा मृत्यू झाला तर खोलीतल्यांवरच सगळं येतं. रुग्णालयाचा किंवा पोलिसांचा अहवाल, स्थानिक मृत्युदाखला, भारतीय दूतावासात मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द आणि ना-हरकत पत्र, शव टिकवण्याच्या प्रक्रियेचा दाखला, मग विमानाचं कार्गो बुकिंग. घरच्यांकडून नेमणुकीचं पत्र लागतं, ते गावाकडून लगेच स्कॅन होऊन यावं. खर्च सहसा मालकानं करायचा असतो, तो टाळत असेल आणि घरची परिस्थिती नसेल तर दूतावासाच्या भारतीय समुदाय कल्याण निधीकडं अर्ज करता येतो. कुठल्या विमानतळावर उतरवायचं ते बुकिंगपूर्वी ठरवा. गोव्याहून चोर्ला जवळचा, पण पावसाळ्यात घाट बंद असेल तर अनमोडकडून यावं लागतं, ॲम्बुलन्सवाल्याला तसं आधी सांगून ठेवा. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, विमा यांचा दावा नंतर वारसांनी करायचा, त्यासाठी कराराची प्रत मित्रांकडं असली तर आठवडे वाचतात.

कंग्राळी_बुद्रुक

पुढच्या महिन्यात निघणाऱ्या दोघांसाठी विचारतो. बँकेचं काय? इथलं बचत खातं तसंच ठेवलं तर चालतंय का?

कोर्टगल्ली

चालत नाही. नोकरीसाठी गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं, तिकडचा पगार आणायला एनआरई उघडायचं. एनआरईचं व्याज करमुक्त, एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर अधिभार कापला जातो. म्हणून एनआरओत फक्त इथलं भाडं, पिकाचे पैसे असं ठेवा. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू राहतं, नवीन काढता येत नाही. सगळीकडं नामनिर्देशन तपासा, शाळेच्या वयात उघडलेल्या खात्यांवर ते बहुतेक वेळा कोरं असतं. यूएई, सौदी, कतार, ओमानच्या मोबाइल नंबरवर एनआरई-एनआरओ खात्याला यूपीआय जोडता येतं.

मतदारयादीत नाव ठेवायचं असेल तर फॉर्म ६ए. मत द्यायला मात्र स्वतः, मूळ पासपोर्ट घेऊन यावं लागतं.

आणि इथलं सिम सोबत न्या, रोमिंग चालू करून, मुदत संपण्याआधी किमान रिचार्ज करत राहा. ओटीपीसाठी ते मित्राकडं ठेवून जाण्याची पद्धत आहे, ती सोडा. खात्यातून काही गेलं तर बँक पहिली चौकशी त्याच्याकडं करेल.